सिंगापूर ते न्यू यॉर्क: अंतर नेमकं किती आणि वेळ नेमका किती?

निळीशाई

मी सिंगापुरात राहते, धाकटी बहीण न्यू यॉर्कला. आई (वय ७१) तीन महिने माझ्याकडे होती, आता जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बहिणीकडे निघाली आहे. एकटीच. मध्ये विमान बदलायची धावपळ नको म्हणून विनाथांबा जाणारं विमान घेतलं. पण तिकीट हातात आल्यापासून मी आकड्यांत अडकले आहे.

अंतर बघायला गेले तर एका ठिकाणी १५,३४९, दुसरीकडे ९,५३७, तिसरीकडे ८,२८८. एका जुन्या बातमीत १६,७००. तिकिटावर सुटायची वेळ रात्री १२:०० आणि पोहोचायची पहाटे ५:४५, तीही त्याच तारखेची! तिकीट काढून देणाऱ्या माणसाने फोनवर आईला सरळ 'पावणेसहा तासांचा प्रवास' असं सांगून टाकलं. ती खूश होती. असं नसतं हे मी सांगितलं तेव्हा गप्पच झाली.

त्यात नकाशे. एकात रेघ उत्तर ध्रुवावरून जाते, दुसऱ्यात पॅसिफिकवरून, आणि परतीचं विमान म्हणे अटलांटिकवरून येतं. दोनच शहरं आणि रस्ते तीन?

मला मुख्य हवंय ते एवढंच: आई किती तास बसून असणार, आणि तिची रक्तदाबाची गोळी कधी घ्यायची. पण कारणंही सांगा. कारण कळल्याशिवाय ती कुठलीच गोष्ट मान्य करत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

मधलीसीट

आधी कामाचं उत्तर. वेळापत्रकातला वेळ साधारण पावणेएकोणीस तास. सिंगापूरचं घड्याळ जानेवारीत न्यू यॉर्कच्या १३ तास पुढे असतं (उन्हाळ्यात १२). तुमच्याकडे रात्रीचे १२ वाजतात तेव्हा तिथे आदल्या दिवशीचे सकाळचे ११ वाजलेले असतात. ११ मध्ये १८ तास ४५ मिनिटं मिळवा, पहाटेचे ५:४५ झाले. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या छापलेल्या असतात, त्यांची थेट वजाबाकी करायची नाही. त्या माणसाने तीच केली.

तुमचे पहिले तिन्ही आकडे एकच आहेत. १५,३४९ किलोमीटर, ९,५३७ जमिनीवरचे मैल, ८,२८८ सागरी मैल. जमिनीवरचा मैल १.६०९ किलोमीटरचा, सागरी मैल १.८५२ चा. विमानवाले आणि जहाजवाले सागरी मैलच वापरतात. १६,७०० चं प्रकरण वेगळं आहे, ते इथले जाणकार सांगतील.

अक्षांशरेखांश

निळीशाई, तुम्ही निवडलेली जोडी अशी आहे की अंतर शाळकरी गणिताने काढता येतं. कागद घ्या, आईलाही बसवा.

सिंगापूरचा विमानतळ १०४ अंश पूर्व रेखांशावर, न्यू यॉर्कचा ७३.८ अंश पश्चिमेवर. बेरीज १७७.८. म्हणजे जवळजवळ १८०, दोन्ही शहरं पृथ्वीच्या बरोबर समोरासमोरच्या रेखावृत्तांवर आहेत. एका रेखावृत्तावरून समोरच्या रेखावृत्तावर जायचा सगळ्यात जवळचा रस्ता ध्रुवावरूनच असतो. मग फक्त अक्षांश मोजायचे.

सिंगापूर १.३६ अंश उत्तर, तिथून ध्रुव ८८.६४ अंश. न्यू यॉर्क ४०.६४ अंश उत्तर, तिथून ध्रुव ४९.३६ अंश. एकूण १३८ अंश.

एका अंशात ६० मिनिटं असतात, आणि सागरी मैल म्हणजेच अक्षांशाचं एक मिनिट. १३८ गुणिले ६०, ८,२८० सागरी मैल. संगणकाचा आकडा ८,२८८. कागदावर पाच ओळींत उत्तर आलं आणि फरक फक्त आठ मैलांचा!

बेरीज पूर्ण १८० नसून १७७.८ असल्यामुळे खरी जवळची रेघ नेमकी ध्रुवावरून न जाता ध्रुवापासून सुमारे २८० किलोमीटरवरून जाते. पहिल्या नकाशात दिसलेली रेघ हीच.

जुनानकाशा

अक्षांशरेखांश यांनी फार सुंदर मांडलंत. मी पस्तीस वर्षं भूगोल शिकवला, पण ही जोडी मला कधी सुचली नव्हती. वर्गात वापरायला हवी होती.

त्या आठ मैलांबद्दल. पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी आहे, त्यामुळे अक्षांशाचा एक अंश सगळीकडे सारखा नसतो. विषुववृत्तापाशी तो ११०.५७ किलोमीटरचा, ध्रुवापाशी १११.६९ चा. तुमच्या आईचा सरळ रस्ता ध्रुवाकडच्या, म्हणजे लांब अंशांमधून जातो. म्हणून खरं अंतर सोप्या गुणाकारापेक्षा थोडं जास्त भरतं.

निळीशाई, घरात पृथ्वीगोल असेल तर आईच्या हातात द्या. शिवणाच्या दोऱ्याचं एक टोक सिंगापूरवर, दुसरं न्यू यॉर्कवर दाबून धरा आणि दोरा ताणा. तो आपोआप सरकत वर जातो आणि ध्रुवाजवळ जाऊन थांबतो. बोटाला तो सरकताना जाणवतो. या रेघेला भूगोलात बृहद्वृत्त म्हणतात. भिंतीवरचा नकाशा अनेकदा मर्केटरच्या १५६९ च्या पद्धतीचा असतो. त्यात दिशा बरोबर राहतात, पण ध्रुवाकडचा भाग वाटेल तेवढा ताणला जातो. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, खरं तर आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. अशा नकाशावर सरळ रेघ काढली तर ती लांबचा रस्ता असते, आणि वाकडी दिसते तीच जवळची.

प्रश्नचिन्ह

मूलभूत प्रश्न विचारतो, राग मानू नका. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना? मग विमानाने नुसतं वर जाऊन पश्चिमेकडे तोंड केलं तर न्यू यॉर्क आपणहून जवळ यायला हवं. पूर्वेकडे जायला तर उलट जास्त वेळ लागायला हवा. प्रत्यक्षात पूर्वेकडचीच विमानं लवकर पोहोचतात.

जुनानकाशा

राग कसला, हा प्रश्न दर वर्षी एक तरी मूल विचारायचं आणि मला ते मूल आवडायचं. पृथ्वी फिरते तेव्हा तिच्यावरची हवाही तिच्याबरोबर फिरते. विषुववृत्तावर जमिनीचा वेग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर आहे. हवा मागे राहत असती तर तेवढ्या वेगाचा वारा आपल्या तोंडावर आला असता, घरंच टिकली नसती. विमान त्या हवेत असतं, म्हणून जमीन त्याच्या खालून सरकून जात नाही.

फिरण्याचा परिणाम मात्र होतो, वेगळ्या वाटेने. विषुववृत्ताकडची तापलेली हवा वर चढून ध्रुवांकडे निघते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते. उष्ण आणि थंड हवेची जिथे गाठ पडते तिथे, नऊ-दहा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्याचे अरुंद पट्टे तयार होतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात जपानवरचा पट्टा जगातल्या सगळ्यात जोरदार पट्ट्यांपैकी एक असतो, कधीकधी ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानतज्ज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून तो मोजला. निष्कर्ष जगभर वाचले जावेत म्हणून त्याने १९२६ मध्ये अहवाल एस्परांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला, आणि नेमकं त्यामुळेच बाहेर तो फारसा कुणी वाचला नाही. मला या माणसाबद्दल नेहमी वाईट वाटतं.

रात्रपाळी

मी एका विमान कंपनीच्या ऑपरेशन्समध्ये डिस्पॅचर आहे. विमानाचा रस्ता आणि इंधन ठरवणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे १६,७०० चं उत्तर माझ्याकडे.

जमिनीवरचं अंतर आम्ही बघतो, पण निर्णय त्यावर होत नाही. विमान हवेच्या तुलनेत ताशी ९०० च्या आसपास किलोमीटर जातं. वारा पाठीमागून असेल तर तो त्यात मिळवायचा, समोरून असेल तर वजा करायचा. सुटण्याच्या काही तास आधी ताजे वाऱ्याचे अंदाज येतात आणि संगणक पाच-सहा रस्ते काढून देतो, प्रत्येकाचा वेळ आणि इंधन यांसकट. रोज वेगळे. कालचा रस्ता आज चालेलच असं नसतं.

आता आईंचं विमान धरा. कच्चा हिशेब, चढणं-उतरणं-वळसे सोडून. ध्रुवाकडून १५,३४९ किलोमीटर, वारा शून्य: १७ तास ३ मिनिटं. पॅसिफिकवरून १६,६०० किलोमीटर, पण जपानपासून पुढे जेट स्ट्रीमवर बसून सरासरी १०० चा वारा पाठीमागे: ताशी १,०००, म्हणजे १६ तास ३६ मिनिटं. साडेबाराशे किलोमीटर जास्त जाऊन अर्धा तास लवकर. २०१८ मध्ये ही सेवा पुन्हा सुरू झाली तेव्हा बातम्यांत १६,७०० किलोमीटर आणि पावणेएकोणीस तास असेच आकडे होते.

हे नवं नाही. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान २०१६ पर्यंत अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात एअर इंडियाने ते पॅसिफिकवरून नेलं, अंतर १५,३०० वर गेलं आणि वेळ जवळजवळ दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला.

येतानाचं उत्तरही यातच आहे. न्यू यॉर्कहून परत पॅसिफिकवरून आलं तर तोच वारा तोंडावर. म्हणून विमान पुन्हा पूर्वेकडेच निघतं, अटलांटिक ओलांडून युरोप, मग आशिया, मग सिंगापूर. ध्रुवाच्या समोरासमोर असलेल्या शहरांना ही मुभा असते, पूर्वेकडून जा की पश्चिमेकडून, अंतरात फार फरक पडत नाही.

ध्रुवावरून का नाही, तर कधीकधी जातातही. पण तिथे इतर काळज्या असतात. जेट ए-१ इंधन उणे ४७ अंशांना गोठायला लागतं, आणि टाकीतलं तापमान तासन्‌तास बघत बसावं लागतं. विषुववृत्तावरचे दळणवळण उपग्रह साधारण ८२ अक्षांशाच्या पुढे दिसत नाहीत, मग जुना एचएफ, म्हणजे लघुलहरींचा, रेडिओ. सूर्यावर वादळ झालं की तोही बिघडतो. शिवाय अडचण आली तर उतरायला जवळ विमानतळ हवा. आणि ज्या देशांवरून जायचं त्यांची परवानगी हवी, ही सगळ्यात मोठी गोष्ट.

कोराकागद

परवानगीवरून हेलसिंकी–टोकियो आठवलं. माझं काम या दोन शहरांमध्ये असायचं, वर्षातून चार फेऱ्या. सरळ अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर, रशियावरून साडेनऊ तासांत पोहोचायचो. हेलसिंकीचा विमानतळ त्याच सोयीवर मोठा झाला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं, रशियाचं आकाश बंद झालं आणि तेच विमान उत्तर ध्रुवावरून फिरून १३ तासांच्या आसपास जायला लागलं.

त्या रस्त्यावरच्या माझ्या पहिल्या फेरीत, मार्च २०२२ मध्ये, ध्रुव ओलांडताना मी खिडकीपाशी उभा होतो. खाली फक्त बर्फ आणि त्यात काळ्या भेगा. शेजारी एक वयस्कर जपानी गृहस्थ होते. ते म्हणाले, तरुणपणी ते युरोपला जायचे तेव्हाही विमान असंच वरून जायचं आणि अलास्कातल्या अँकरेजला इंधनाला थांबायचं. खरं आहे. सोव्हिएत काळात ते आकाश बहुतेक परदेशी विमानांना बंद असायचं. १९५७ मध्ये कोपनहेगन–अँकरेज–टोकियो सेवा सुरू झाली, आणि १९८३ मध्ये फिनलंडची फिनएअर कंपनी डीसी-१० विमानाने हेलसिंकीहून ध्रुवाच्या बाजूने विनाथांबा टोकियोला जाऊ लागली. वेळ तेव्हाही साधारण १३ तास. चाळीस वर्षांनी तीच शहरं पुन्हा तितकीच लांब गेली. त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर मला तेव्हा जे दिसलं ते अजून विसरलेलो नाही.

प्रश्नचिन्ह

रात्रपाळी, एक शंका. ज्या मार्गांवर जाताना वारा पाठीशी आणि येताना तोंडावर, तिथे फायदा-तोटा शेवटी सारखाच ना? जेवढं वाचलं तेवढंच गेलं.

रात्रपाळी

नाही, आणि हे अनेकांना पटत नाही. ९,००० किलोमीटरचा मार्ग घ्या, वेग ९००, वारा १५०. वारा नसेल तर जायला १०, यायला १०, एकूण २० तास. वारा असेल तर जाताना ताशी १,०५०, म्हणजे ८ तास ३४ मिनिटं. येताना ७५०, म्हणजे १२ तास. जाताना १ तास २६ मिनिटं वाचली, येताना पूर्ण २ तास गेले. कारण समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ राहता. अशा जोड्यांमध्ये जाण्यायेण्याची वेळापत्रकं वेगळी दिसतात ती यामुळेच.

टोकाचं उदाहरण म्हणजे फेब्रुवारी २०२०. मोठ्या वादळाच्या वाऱ्यावर एक बोइंग ७४७ न्यू यॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या तुलनेत वेग ताशी १,३०० च्या वर, तरीही ध्वनीचा वेग ओलांडलेला नाही, कारण भोवतालच्या हवेत ते नेहमीच्याच वेगाने चाललं होतं. (याच मार्गाचा, ध्वनीहून वेगाने उडणाऱ्या काँकॉर्ड विमानाचा १९९६ चा विक्रम २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंद, पण ती जातच वेगळी.)

मधलीसीट

वेळापत्रकातल्या वेळेबद्दल थोडं. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात: विमान जागेवरून मागे ढकललं जातं तेव्हापासून पलीकडच्या जागेला लागेपर्यंत. धावपट्टीपर्यंत जाणं, रांग, उतरल्यावर विमानाचं जागेपर्यंत चालत जाणं, सगळं त्यात. प्रत्यक्ष हवेतला वेळ अर्ध्यापाऊण तासाने कमी असतो. शिवाय उशीर दिसू नये म्हणून कंपन्या थोडी मोकळीक ठेवतात. तेव्हा विमान अर्धा तास आधी उतरलं तर बहिणीला तयार राहायला सांगा.

'डायरेक्ट' या शब्दावर मात्र विसंबू नका. डायरेक्ट म्हणजे विमानाचा क्रमांक बदलत नाही इतकंच, मध्ये ते थांबू शकतं. सिंगापूर–फ्रँकफर्ट–न्यू यॉर्क असंही एक विमान आहे. गंमत म्हणजे १०,३०० आणि ६,२०० मिळून तो रस्ता साधारण १६,५०० किलोमीटरचा, पॅसिफिकवरच्या विनाथांबा रस्त्याएवढाच. पण थांब्यामुळे प्रवास चोवीस तासांच्या आसपास जातो.

केशरकाडी

मग सगळीच विमानं विनाथांबा का नाहीत? अंतर तर जवळपास तेच.

रात्रपाळी

इंधन वाहून न्यायलाही इंधनच लागतं. सुरुवातीच्या तासांत विमान शेवटच्या तासांचं इंधन ओझ्यासारखं वाहत असतं. या मार्गावर पहिल्यांदा २००४ मध्ये चार इंजिनांचं एअरबस ए३४०-५०० लावलं होतं, ते २०१३ मध्ये परवडेना म्हणून बंद झालं. २०१८ ला दोन इंजिनांचं ए३५०-९००यूएलआर (यूएलआर म्हणजे अतिलांब पल्ल्याचं) आलं. त्यात १,६५,००० लिटर इंधन मावतं, साध्या ए३५०-९०० पेक्षा सुमारे २४,००० लिटर जास्त. आणि प्रवासी फक्त १६१, साध्या इकॉनॉमीच्या जागाच नाहीत. माणसं कमी केली तेव्हा अंतर जमलं.

दोन इंजिनांना समुद्रावर इतकं लांब जाऊ देणं हीसुद्धा हळूहळू मिळालेली परवानगी आहे. १९५३ च्या अमेरिकी नियमात दोन इंजिनांचं विमान उतरण्याजोग्या विमानतळापासून ६० मिनिटांच्या आत राहायला हवं होतं. १९८५ ला १२० मिनिटं, १९८८ ला १८०, आणि २०१४ मध्ये ए३५० ला ३७० पर्यंत मान्यता मिळाली. एक इंजिन बंद पडलं तरी सहा तासांहून जास्त उडायची. लोक घाबरतात म्हणून हे सांगतो: ही मुभा इंजिनांच्या नोंदी वर्षानुवर्षं तपासून दिली जाते.

पानगळ

मी सासऱ्यांना अशाच लांबच्या विमानात नेलं होतं. निळीशाई, आईंसाठी तीन गोष्टी. व्हीलचेअर आधीच नोंदवा, त्या चालू शकत असल्या तरी, कारण विमानतळावरचं चालणंच दमवतं. जागा कडेची घ्या, म्हणजे दर दोन तासांनी उठताना शेजाऱ्याला विचारावं लागणार नाही. सतत बसून पायांत रक्त साकळण्याचा धोका असतो, या वयात तर नक्कीच. डॉक्टरांना दाब देणाऱ्या मोज्यांबद्दल विचारा. आत हवा फार कोरडी असते, आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली, तहान लागायच्या आधी पाणी प्यायचं. ए३५० मध्ये आतला दाब साधारण ६,००० फुटांवरच्या हवेएवढा ठेवतात, बऱ्याच जुन्या विमानांत ८,००० असतो, तेवढा त्रास कमी.

गोळीचं डॉक्टरांनाच विचारा. पण विचारताना 'सकाळी आठची गोळी' असं न म्हणता 'दर चोवीस तासांची गोळी, आणि सिंगापूरची सकाळी आठ म्हणजे तिथली आदल्या संध्याकाळची सात' असं सांगा. आमच्या डॉक्टरांनी त्यावरून दोन-तीन दिवसांत वेळ सरकवायचा तक्ता लिहून दिला होता. सासऱ्यांच्या हातातलं घड्याळ आम्ही पोहोचेपर्यंत बदललंच नाही. त्याचा फार उपयोग झाला.

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईला पृथ्वीगोलावर दोरा धरायला लावला. दोरा वर सरकला तशी ती म्हणाली, "अगं, हा तर आपणहून चालला." मग १३८ अंशांचा गुणाकार तिने स्वतः केला. आता पावणेएकोणीस तासांची भीती राहिलेली नाही, उलट प्रश्नच वाढलेत. तिचा ताजा प्रश्न: रात्री बारा ते पहाटे पावणेसहा, म्हणजे सगळी रात्रच? की मध्ये दिवस दिसेल?

अक्षांशरेखांश

दिसेल, पॅसिफिकवरून गेलं तर. पूर्वेकडे जाताना स्थानिक घड्याळ पुढे पळतं. पावणेएकोणीस तासांत आईंच्या खालच्या जमिनीवरचं घड्याळ २९ तास ४५ मिनिटं पुढे जाईल, आणि वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना तारीख एक दिवस मागे येईल. म्हणून तिकिटावर ५ तास ४५ मिनिटं उरतात. या वेळात एक सूर्योदय, एक सूर्यास्त, आणि उतरताना पुन्हा पहाटेआधीचा अंधार. दिवस मात्र फार छोटा, कारण सूर्य आणि विमान एकमेकांच्या दिशेने येत असतात. माझ्या अंदाजाने सुटल्यावर पाचेक तासांनी उजाडेल आणि अकराव्या तासाला मावळेल.

परतीला न्यू यॉर्कहून रात्री साडेदहाला निघालं तर घड्याळ ३१ तास ४५ मिनिटं पुढे जाईल. दोन्ही मिळून ६१ तास ३० मिनिटं. विमानात प्रत्यक्ष घालवलेले तास ३७ तास ३० मिनिटं. फरक बरोबर २४ तासांचा, कारण दोन्ही वेळा पूर्वेकडेच गेल्यामुळे आईंची पृथ्वीभोवती एक पूर्ण फेरी झालेली असेल.

जुनानकाशा

हा २४ तासांचा फरक माणसाला पहिल्यांदा प्रत्यक्ष अनुभवाला आला तो ९ जुलै १५२२ ला. मॅगेलनच्या मोहिमेतलं उरलेलं जहाज 'व्हिक्टोरिया' पश्चिमेकडून पृथ्वीला फेरी घालून केप व्हर्देच्या बेटांपाशी आलं. जहाजावरच्या नोंदीप्रमाणे त्या दिवशी बुधवार होता, किनाऱ्यावरचे लोक म्हणाले गुरुवार. अँतोनियो पिगाफेताने रोज न चुकता नोंद ठेवली होती, त्याला ते मान्यच होईना. ते पश्चिमेकडे गेले म्हणून त्यांचा एक दिवस कमी भरला. आई पूर्वेकडून जातील, त्यांचा एक जास्त भरेल. वाररेषा आहे म्हणून आपल्या तारखा जुळतात एवढंच. निळीशाई, आईंना एक छोटी वही द्या. सूर्य कधी उगवला, कधी मावळला, एवढंच सिंगापूरच्या घड्याळाने लिहायला सांगा.

निळीशाई

पोहोचली. वेळापत्रकात १८:४५, जागेवरून निघाल्यापासून जागेला लागेपर्यंत लागले १८:१०. बहीण अर्धा तास आधीच उभी होती, मधलीसीट यांच्यामुळे.

गेलं पॅसिफिकवरूनच. समोरच्या पडद्यावर आईने पाहिलेला सगळ्यात मोठा वेग ताशी १,१२० किलोमीटर, जपानच्या पुढे. तो आकडा तिने वहीत दोनदा लिहिलाय. वहीच्या पानाचा फोटो बहिणीने पाठवला, जसाच्या तसा उतरवते:

"१२:०० निघालो. ५:२५ सूर्य उगवला, उजव्या खिडकीतून, शेजारच्या मुलीने झडप वर केली. ८:०० गोळी घेतली. १०:५५ सूर्य मावळला. दिवस साडेपाच तासांचा. चार वेळा उठले. ६:१० संध्याकाळी उतरलो, बाहेर पहाट व्हायची आहे. घड्याळ अजून बदललेलं नाही."